सगळ्यांची एकच वही

कारखान्याच्या आतली साखळी आणि संगणकावरचं नियोजन
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



पंधरा ऑगस्टला शाळेवर, तहसील कचेरीवर खादीचा तिरंगा चढतो. आपण मान वर करून सलामी देतो. तो झेंडा कुठे तयार झाला असेल, हा प्रश्न सहसा कुणाच्या मनात येत नाही. मराठवाड्यातल्या माणसाला त्याचं उत्तर घराजवळच सापडतं. नांदेडची मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती राष्ट्रध्वज तयार करते. त्याचं कापड लातूर जिल्ह्यातल्या उदगीरला विणलं जातं. रंगाईसाठी ते अहमदाबादला जातं, रंगीत होऊन नांदेडला परत येतं आणि मग कटाई, अशोकचक्राची छपाई, शिलाई, दोरी अशी कामं होऊन झेंडा तयार होतो. म्हणजे एका झेंड्याच्या मागे तीन गावं आणि कितीतरी हात असतात.

आज मी बोलणार आहे ते या हातांना एकमेकांशी जोडणाऱ्या साखळीबद्दल. पुरवठा साखळी, सप्लाय चेन, हे शब्द आता वर्तमानपत्रातही येतात. पण ते वाचताना डोळ्यांसमोर येतात ट्रक, बंदरं, मोठी गोदामं. ती बाहेरची साखळी. कारखान्याच्या आत तशीच दुसरी साखळी असते, आणि तिच्याकडे लक्ष कमी जातं. खरेदीवाला स्टोअरला माल देतो, स्टोअर कटाईला, कटाई शिलाईला, शिलाई तपासणीला, तपासणी गोदामाला आणि गोदाम विक्रीला. एकाच छपराखाली, एकाच मालकाच्या पगारावर असलेली ही माणसं एकमेकांची गिऱ्हाइकंच असतात. बाहेरच्या गिऱ्हाइकाला उशीर झाला तर तो भांडतो. आतलं गिऱ्हाईक मात्र बिडी ओढत बसून राहतं, कारण माल आलेला नसतो.

ही आतली साखळी आपल्याकडे बहुतेक ठिकाणी एक माणूस सांभाळतो. कुठे त्याला मुनीमजी म्हणतात, कुठे मॅनेजर, कुठे नुसतं भाऊ. कुठल्या कोपऱ्यात किती थप्पी आहे, कुणाचं चलन यायचं आहे, कुठला जॉबवर्कवाला तारीख पाळत नाही, हे सगळं त्याच्या डोक्यात असतं. त्याच्या हुशारीबद्दल शंका नाही. पण तो मुलीच्या लग्नासाठी आठ दिवस गावाला गेला की कारखान्याचे निम्मे डोळे मिटतात. शिवाय प्रत्येक खात्याची स्वतःची वही असते. स्टोअरची वही एक सांगते, शिलाईची दुसरं, विक्रीची तिसरं. दुपारी चारला मालक विचारतो, 'हिरवं कापड किती आहे?' तेव्हा तीन माणसं तीन उत्तरं देतात, आणि तिघंही आपापल्या परीने खरं बोलत असतात.

नियोजनाचं सॉफ्टवेअर यावर एक साधा उपाय सुचवतं. वह्या वेगवेगळ्या नकोत, सगळ्यांची एकच वही असू द्या. त्या वहीला कारखानदारीत ईआरपी म्हणतात. नाव भारी आहे, पण त्याच्या पोटात जो हिशेब चालतो तो आपल्या लग्नघरातल्या आचाऱ्यालाही माहीत असतो.

पंगतीला किती पानं उठतील, हा अंदाज असतो. तो चुकू शकतो. पण एकदा पाचशे पानं धरली की मग डाळ किती, तेल किती, साखर किती, यात अंदाज उरत नाही. आचारी यादी काढून देतो. घरात डाळीचं अर्धं पोतं आधीच असेल तर तेवढं वजा करून उरलेलंच बाजारातून आणायचं. आणि जिलेबीचं पीठ आदल्या दिवशी भिजवायला हवं, हेही तो बजावून सांगतो. पानांचा अंदाज, यादी, घरातली शिल्लक आणि प्रत्येक गोष्टीला लागणारा वेळ, एवढ्या चार गोष्टींवर सगळं नियोजन उभं आहे.

अमेरिकेत १९६० च्या दशकात कारखान्यांमध्ये संगणक आले, तेव्हा हाच हिशेब संगणकाकडून करून घेण्याची पद्धत सुरू झाली. जोसेफ ऑर्लिकी यांनी त्यावर १९७५ मध्ये पुस्तक लिहिलं. त्यांचा मुख्य मुद्दा असा होता, की अंदाज फक्त तयार मालाचा करायचा. त्याच्या पोटातल्या सुट्या भागांचा अंदाज करायचा नाही, हिशेब करायचा. १९७२ मध्ये जर्मनीत आयबीएममधून बाहेर पडलेल्या पाच जणांनी सॅप ही कंपनी काढली. पुढे खरेदी, उत्पादन, विक्री, पगार, हिशेब हे सगळं एका जागी आणणाऱ्या सॉफ्टवेअरला १९९० च्या सुमारास ईआरपी हे नाव रूढ झालं. सुरुवातीला ते मोठ्या कंपन्यांनाच परवडत असे. आता तशी स्थिती नाही. मुंबईत २००८ मध्ये सुरू झालेल्या फ्रॅपे या कंपनीचं ईआरपीनेक्स्ट हे मुक्त सॉफ्टवेअर परवान्याचे पैसे न भरताही घेता येतं. म्हणजे प्रश्न आता सॉफ्टवेअरच्या किमतीचा फारसा राहिलेला नाही. ते चालवायचं कसं, हा खरा प्रश्न आहे.

आता आपण झेंड्याकडे परत येऊ आणि हिशेब करून पाहू. पुढचे आकडे मी समजावण्यासाठी धरलेले आहेत. ते नांदेडच्या समितीचे नाहीत, आणि तिथे कोणती पद्धत वापरतात याविषयीही मी काही सांगत नाही.

राष्ट्रध्वजाचं मानक भारतीय मानकांच्या यादीत क्रमांक एकवर आहे. ध्वजसंहितेत नऊ मापं दिली आहेत. सर्वांत मोठा झेंडा ६३०० बाय ४२०० मिलिमीटरचा, म्हणजे जवळपास एकवीस फूट बाय चौदा फूट. सर्वांत लहान १५० बाय १०० मिलिमीटरचा. नऊ मापं आणि तीन रंग म्हटलं, की नुसत्या पट्ट्यांचेच सत्तावीस प्रकार झाले. चक्र, दोऱ्या आणि शिलाईचा धागा वेगळाच.

समजा, ९०० बाय ६०० मिलिमीटरचे, म्हणजे साधारण तीन बाय दोन फुटांचे एक हजार झेंडे एक ऑगस्टला तयार हवेत. एका झेंड्यात प्रत्येक रंगाची पट्टी ९०० बाय २०० मिलिमीटरची. हजार झेंड्यांना प्रत्येक रंगाचं १८० चौरस मीटर कापड लागलं. दुमड आणि कटाईतली घट धरून दोनशे म्हणू. आता स्टोअरमध्ये पाहा. केशरी दोनशे आहे, हिरवं एकशेवीस, पांढरं चाळीस. म्हणजे केशरी काहीच मागवायचं नाही, हिरवं ऐंशी आणि पांढरं एकशेसाठ मागवायचं. खात्यांच्या वह्या वेगळ्या असत्या, तर कुणीतरी तिन्ही रंग दोनशे-दोनशे मागवले असते. केशरी कापड वर्षभर पडून राहिलं असतं आणि त्यात अडकलेल्या पैशाचं व्याज मात्र चालू राहिलं असतं.

आता दिवस मोजू. शिलाई आणि तपासणीला दहा दिवस, चक्राच्या छपाईला पाच, रंगाई आणि येण्याजाण्याला तीस, विणाईला पंचेचाळीस. एकूण नव्वद दिवस झाले. एक ऑगस्टपासून नव्वद दिवस मागे गेलो की तीन मे ही तारीख येते. म्हणजे पंधरा ऑगस्टच्या झेंड्याचा पहिला धागा मागावर चढायची तारीख अक्षय तृतीयेच्या आसपास येते. ही तारीख संगणक पडद्यावर दाखवतो आणि ती चुकायला लागली की लाल करतो. त्याचं काम एवढंच. पण ते तो रोज करतो, सत्तावीस प्रकारच्या पट्ट्यांसाठी करतो, आणि त्याला कंटाळा येत नाही.

अशा नियोजनाचा फायदा मालकालाच होतो, असा समज आहे. तो पुरा खरा नाही. खादीत कातणाऱ्याची मजुरी गुंडीवर ठरते आणि विणणाऱ्याची मीटरवर. वरून मागणीची लाट एकदम आली की जून-जुलैत रात्रंदिवस काम, आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर माग थंड. तारीख आधी कळली तर तेच काम वर्षावर पसरता येतं. मागावर बसलेल्याच्या दृष्टीने नियोजनाचा अर्थ एवढाच, की पुढच्या महिन्यात काम आहे की नाही हे त्याला आज कळतं. उधारी कुठे करायची, मुलाची फी कधी भरायची, हे त्या उत्तरावर अवलंबून असतं.

आतल्या साखळीत आणखी एक रोग असतो. विक्रीवाल्याकडे हजाराची मागणी येते. कमी पडायला नको म्हणून तो दहा टक्के वाढवून अकराशे सांगतो. शिलाईवाला त्यावर आपले दहा टक्के चढवून बाराशे दहा मागतो. कटाईवाला तसंच करतो, आणि विणाईपर्यंत आकडा तेराशे एकतीस होतो. तिघांनीही भल्यासाठीच केलं, पण शेवटच्या माणसाने तिसरा हिस्सा जादा विणला. पुढच्या हंगामात तो जादा साठा दिसतो आणि मग विणाईला थांबायला सांगतात. आसुडाची मूठ हातात जराशी हलते, पण टोक केवढं तरी उसळतं, तसंच हे आहे. इंग्रजीतही या रोगाला चाबकावरूनच नाव पडलं आहे. अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेचे प्राध्यापक जे फॉरेस्टर यांनी १९५८ पासून आपल्या लेखनातून याचं गणित मांडलं. पुढे लहान बाळांचे लंगोट विकणाऱ्या मोठ्या कंपनीलाही हाच अनुभव आला. बाळं रोज तेवढीच, पण कारखान्यातली मागणी कधी आकाशाला तर कधी पाताळात. एकच वही असली की विणणाऱ्यालाही मूळ हजारचा आकडाच दिसतो. वाढीव दहा टक्के ठेवायचे तर ते एकदाच ठेवायचे, आणि ते ठेवले आहेत हे सगळ्यांना माहीत असायला हवं.

पण आपल्या भागातला प्रत्येक उद्योग झेंड्यासारखा जोडून तयार होत नाही. लातूरची ओळख डाळमिलची आहे, आणि डाळमिलची साखळी उलट्या दिशेने चालते. झेंड्यात अनेक वस्तू एकत्र येऊन एक वस्तू होते. डाळीत एका तुरीतून अनेक वस्तू निघतात. मोंढ्यातून तूर येते, चाळण होते, घासणी होते, तेलपाणी लावून ती वाळवतात, भरडतात, मग पॉलिश करून कट्टे भरतात. एका क्विंटल तुरीतून साधारण सत्तर ते पंचाहत्तर किलो डाळ मिळते. बाकी तुकडा, चुणी, टरफल. चुणी आणि टरफल जनावरांच्या खाद्यात जातात, त्यांचेही पैसे होतात. यंत्रं जोडणाऱ्या कारखान्यासाठी बनवलेलं सॉफ्टवेअर डाळमिलमध्ये जसंच्या तसं बसवलं, तर ते चुणीचा हिशेबच ठेवत नाही. मग महिन्याअखेर वजन जुळत नाही, आणि हमालावर किंवा मापाड्यावर विनाकारण संशय येतो. म्हणून विकत घेतानाच विचारायला हवं, की एका मालातून चार माल निघतात हे या सॉफ्टवेअरला कळतं का.

डाळमिलला आणखी एक गोष्ट शिकवावी लागते. वाळवणीला किती दिवस, याचं उत्तर फेब्रुवारीत वेगळं आणि जुलैत वेगळं. उघड्या पटांगणात वाळवणाऱ्याला ढगांचाही हिशेब धरावा लागतो. तसंच उताऱ्याचं. यंदाची तूर ओली असेल तर सत्तर किलोही मिळणार नाहीत. समजा, सत्तर टक्के उतारा धरून दोनशे दहा क्विंटल डाळीसाठी तीनशे क्विंटल तूर घेतली, आणि प्रत्यक्षात उतारा सहासष्ट टक्के पडला, तर डाळ भरते एकशे अठ्ठ्याण्णव क्विंटल. बारा क्विंटल कमी. ट्रक भरताना हे कळलं तर पळापळ होते. पहिल्या पन्नास पोत्यांच्या भरडणीनंतर संगणकात उतारा टाकला असता, तर तूट त्याच संध्याकाळी दिसली असती आणि मोंढ्यातून आणखी तूर घेता आली असती. आणि बारदान्याला विसरू नका. डाळ तयार, ट्रक दारात, आणि छापील पिशव्या संपलेल्या, ही गोष्ट या धंद्यातल्या माणसांना नवी नाही. दोन-चार रुपयांची पिशवी लाखांचा माल अडवते.

इथे कुणी विचारील, की आमच्याकडे संगणक आहेच, मग आणखी काय हवं? प्रश्न रास्त आहे. एक जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाल्यापासून मोंढ्यातल्या लहान दुकानातही बिल संगणकावर निघू लागलं. पण बिल सांगतं ते काल काय झालं ते. नियोजन सांगतं ते उद्या काय करायला हवं. बिलात दरवाज्याबाहेर गेलेला माल दिसतो. दरवाज्याच्या आत अर्धवट शिवलेला, रंगाईला गेलेला, वाळत पडलेला माल बिलात दिसत नाही. तुमचा पैसा मात्र तिथेच अडकलेला असतो.

सॉफ्टवेअर आणलं म्हणजे सगळं सुरळीत झालं, असं मात्र समजू नये. अमेरिकेत हर्शे ही चॉकलेटची प्रसिद्ध कंपनी आहे. तिने १९९९ च्या जुलैत फार मोठा खर्च करून नवी यंत्रणा एकदम सुरू केली. तिकडे ऑक्टोबरअखेर हॅलोविनचा सण असतो, त्यात गोळ्या-चॉकलेटांची प्रचंड विक्री होते. म्हणजे आपल्याकडे दिवाळीच्या तोंडावर मिठाईच्या कारखान्याने सगळ्या वह्या बदलाव्यात तसं झालं. ऑर्डरी अडकल्या. सुमारे दहा कोटी डॉलरचा माल कंपनी वेळेवर पोचवू शकली नाही. इतकी मोठी कंपनी, इतके तज्ज्ञ हाताशी, तरी हे घडलं. त्यातून घ्यायचा धडा साधा आहे. वही बदलायची तर ती हंगाम संपल्यावर. डाळमिलने मोंढ्यात तुरीची आवक जोरात असताना आणि झेंडेवाल्याने जुलैत या फंदात पडू नये.

दुसरा धडा आपल्या महाराष्ट्रातलाच आहे. कोल्हापूरजवळ वारणेच्या परिसरात १९९८ मध्ये गावं संगणकाने जोडण्याचा प्रकल्प सुरू झाला. सुमारे सत्तर गावं त्यात होती. उसाची नोंद, तोडणी, वजन, खत, बिल ही माहिती शेतकऱ्याला गावातच मिळावी, असा हेतू होता. साखर कारखान्याची साखळी तर शेतापासून सुरू होते. तोडलेला ऊस पडून राहिला की त्यातली साखर घटत जाते, त्यामुळे तोडणी, वाहनं आणि गव्हाण यांचा मेळ तासांवर बसवावा लागतो. मांजरा काठच्या शेतकऱ्यांना हे सांगायला नको. पण वारणेत गावोगावी ठेवलेल्या संगणकांचा वापर पुढे मोजक्याच कामांपुरता उरला. त्यांची देखभाल महाग पडत होती. मग २००७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरच्या संशोधकांनी सात गावांत प्रयोग केला. संगणकाऐवजी साधा मोबाइल ठेवला आणि तीच माहिती एसएमएसवर दिली. काम भागलं, आणि खर्चही कमी आला. यंत्र किती भारी आहे, यापेक्षा माहिती योग्य माणसाला योग्य वेळी मिळते का, हे पाहायला हवं. आज तर प्रत्येकाच्या खिशात फोन आहे. उदगीरच्या विणकराला पडदाभर रकाने नकोत. त्याला दोन ओळींचा मराठी निरोप पुरे आहे, की अमुक मापाचं इतकं कापड अमुक तारखेला हवं.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगतो. वही एकच झाली, तरी त्यात लिहिणारे हात अनेक असतात, आणि सगळा डोलारा त्यांच्या खरेपणावर उभा असतो. मघाच्या उदाहरणात केशरी कापड दोनशे चौरस मीटर आहे, असं वहीत लिहिलं होतं. समजा पावसात गोदाम गळलं आणि त्यातलं साठ खराब झालं. स्टोअरकीपरने ते लिहिलं नाही, कारण लिहिलं तर साहेब ओरडणार. संगणक दोनशेच धरून चालतो. तीन मे उलटते, जून उलटतो. जुलैअखेर शिलाईला कळतं, की केशरी एकशेचाळीसच आहे. एकशेचाळीसात सातशे झेंडे होतात. तीनशे झेंड्यांचं हिरवं आणि पांढरं तयार पडून राहतं आणि केशरीसाठी मागे जायला नव्वद दिवस नसतात. साठ मीटरचा न लिहिलेला आकडा तीनशे झेंडे अडवतो. यात संगणकाची चूक शून्य आहे.

ही चूक टाळायची तर स्टोअरकीपरला दरडावून चालणार नाही. नुकसान लिहिणाऱ्याला शिक्षा आणि लपवणाऱ्याला अभय, असा रिवाज जिथे आहे, तिथे लाखाचं सॉफ्टवेअरही दोन महिन्यांत खोटं बोलू लागतं. म्हणून मालकाने पहिल्याच दिवशी जाहीर करावं, की खरा आकडा लिहिल्याबद्दल कुणाला बोल लागणार नाही. आणि दुसरं, जो लिहितो त्याला त्यातून काहीतरी परत मिळालं पाहिजे. उद्या कुठला माल कुठल्या ट्रकने येणार आहे, हे स्टोअरकीपरला त्याच पडद्यावर दिसलं, तर हमाल कधी बोलवायचे हे त्याला ठरवता येतं. मग नोंद करणं त्याला स्वतःच्या कामाचं वाटतं.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांना चार सूचना. पहिली, सगळा कारखाना एकदम संगणकावर चढवू नका. सर्वांत जास्त खपणारी एक वस्तू घ्या आणि तिची साहित्य यादी कागदावर नीट काढा, अगदी दोरी आणि पिशवीसकट. दुसरी, साठा वर्षातून एकदा मार्चअखेर मोजण्याऐवजी रोज दहा वस्तू मोजा आणि वहीशी ताडून पाहा. फरक का पडला, ते शोधा. तिसरी, 'लागतील आठ-दहा दिवस' असं तोंडी न सांगता गेल्या सहा महिन्यांत प्रत्यक्षात किती दिवस लागले, ते चलनांवरून काढा. बहुतेकांना तो आकडा पाहून धक्का बसतो. चौथी, मुनीमजींना बाजूला सारू नका. त्यांच्या डोक्यातलं ज्ञानच तर वहीत उतरवायचं आहे. ते शेजारी बसले नाहीत, तर वहीत फक्त रकाने राहतील.

एवढं करूनही एक गोष्ट संगणकाच्या हाती नसते. मघाशी म्हटलं, तयार मालाचा अंदाज हा अंदाजच असतो. तीस डिसेंबर २०२१ ला ध्वजसंहितेत बदल झाला आणि यंत्रावर बनलेल्या, पॉलिस्टरच्या झेंड्यांनाही परवानगी मिळाली. पुढच्या ऑगस्टमध्ये 'हर घर तिरंगा' मोहिमेत देशभर झेंडे लागले, पण स्वस्त पॉलिस्टरचा दरवाजा उघडला होता. खादीचे ध्वज बनवणाऱ्यांनी नाराजी व्यक्त केली. हुबळीच्या ध्वजनिर्मिती केंद्राने तर उघड विरोध केला. असा निर्णय कुठल्याही सॉफ्टवेअरला आधी दिसत नाही. पण निर्णय आल्यावर मागावर किती कापड आहे, रंगाईला किती गेलंय, कुठलं सूत अजून थांबवता येईल, हे ज्याला तासाभरात कळतं, तो स्वतःला आणि आपल्या विणकरांना थोडंफार सावरू शकतो. ज्याला ते कळायला महिना लागतो, त्याचं तेवढं सूत आणि तेवढी मजुरी आधीच खर्च झालेली असते.

आपल्या भागात मोठा कारखानाही आला आहे. लातूरजवळ हरंगुळला रेल्वे कोच कारखान्याची पायाभरणी मार्च २०१८ मध्ये झाली. डिसेंबर २०२० मध्ये तिथे डब्याचा पहिला सांगाडा तयार झाला. २०२३ मध्ये वंदे भारत शयनयान गाड्यांच्या उत्पादनाचा करारही झाला. अशा कारखान्याला आसपासच्या लहान उद्योगांनी माल पुरवावा, त्यातून तरुणांना काम मिळावं, ही सगळ्यांचीच इच्छा आहे. पण डब्याचा कारखाना लहान उद्योजकाला पहिला प्रश्न विचारील, तो किंमत किती हा नसेल. तो विचारील, की अमुक वस्तू किती तारखेला देणार. आणि दिलेली तारीख तीनदा चुकली की चौथी ऑर्डर पुण्याला किंवा हैदराबादला जाईल. औद्योगिक वसाहतीतल्या दहा-वीस कामगारांच्या कारखान्याला त्या प्रश्नाचं उत्तर छातीठोकपणे देता यायला हवं. ते उत्तर त्याच्या स्टोअरच्या वहीत, यादीत आणि खऱ्या आकड्यांत आहे.

तेव्हा संगणक जरूर घ्या, पण तो घेण्याआधी उद्या सकाळी स्टोअरमध्ये जाऊन कुठल्याही दहा वस्तू स्वतःच्या हाताने मोजा आणि वहीशी ताडून पाहा. दहापैकी किती जुळतात, त्यावरून पुढचं काम किती आहे ते तुमचं तुम्हालाच कळेल.